सिकलसेल रुग्णांचा मानसिक व सामाजिक आधार (चिखला परिसर)

तांबड्या रक्तपेशींना कोयत्याचा आकार आणणाऱ्या आनुवंशिक रोगाने पीडित झालेल्यांस औषधोपचाराखेरीज लागणारे समुपदेशन, सवलती व कायदेशीर संरक्षण यांचा विचार या नोंदीत केला आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे मॉइल कंपनीच्या भूमिगत मँगॅनीज खाणीचे गाव सिकलसेलच्या मध्य भारतीय पट्ट्यात मोडते. या मुलखातील दोषाची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली होती.

आईवडील दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’, असल्यास प्रत्येक खेपेस अपत्य ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, निपजण्याचा संभव एकचतुर्थांश असतो. अतिश्रम, थंडी किंवा अंगातील पाणी कमी होणे यांमुळे हाडासांध्यांत असह्य कळा उठतात; परंतु अनेकदा ना ताप, ना जखम, अशी ही व्यथा असल्याने गुरुजींना ती शाळा बुडविण्याची सबब आणि मुकादमास कामचुकारपणा वाटतो. सोयरिकीच्या वेळी तर रुग्ण व वाहक यांतील भेदच लोपतो, आणि ठणठणीत प्रकृतीच्या वाहक मुलीचेही जमत आलेले लग्न फिसकटते. आदिवासी व दलित समाजांत हा दोष अधिक आढळत असल्यामुळे रोगाच्या नावाआडून जात हुडकण्याची खोड वेगळीच.

सिस्टिक फायब्रोसिस या अशाच आनुवंशिक रोगाबाबत युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१६ मध्ये बारा वर्षांपुढील रुग्णांची नैराश्य व चिंता यांसाठी दरवर्षी तपासणी करण्याची, तसेच पालकांसही ती देऊ करण्याची शिफारस केली. आपल्याकडील समुपदेशनाचा भर मात्र विवाहपूर्व सल्ल्यावर आहे. जन्मास आलेल्या रुग्णाच्या मनाची विचारपूस त्यामानाने उपेक्षित राहते, हे कबूल केले पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने सिकलसेलच्या तपासणीस वेग आणला. मनाच्या व्यथेसाठी ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून मराठीतही उपलब्ध आहे.

हक्कांची बाजू सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संस्थापक, नागपूरचे संपत रामटेके (पद्मश्री, २०१८) यांनी लावून धरली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात हा रोग समाविष्ट झाला. दाखला मिळविणाऱ्यास एस.टी.चा प्रवास मोफत झाला, आणि चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास उच्च शिक्षणातील राखीव जागाही मिळू लागल्या. त्याच अधिनियमाच्या चौतिसाव्या कलमाने सरकारी नोकरीतील राखीव जागांतून मात्र रक्तविकार वगळले आहेत.