'सरकार' चित्रपटमालिका : तिसऱ्या भागात ओसरलेला दरारा

मुंबईतील सत्ता, गुन्हेगारी आणि घराणेशाही यांवर बेतलेली 'सरकार' ही रामगोपाल वर्मा दिग्दर्शित हिंदी चित्रपटमालिका. 'सरकार' (२००५), 'सरकार राज' (२००८) आणि 'सरकार ३' (२०१७) हे तिचे तीन भाग. सुभाष नागरे या मराठी नेत्याची भूमिका तिन्ही भागांत अमिताभ बच्चन यांनी साकारली.

'सत्या' (१९९८) आणि 'कंपनी' (२००२) या चित्रपटांतून मुंबईचे गुन्हेगारी विश्व उभे करणाऱ्या वर्मा यांनी 'सरकार' ही फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या 'गॉडफादर'ला (१९७२) वाहिलेली आदरांजली असल्याचे चित्रपटाच्या आरंभीच नमूद केले होते. मात्र कथेला माती इथलीच होती. कोणतेही पद न घेता सरकारला झुकवणारा, दारी आलेल्या गाऱ्हाण्यांचा निवाडा करणारा नागरे पाहताना प्रेक्षकांना बाळासाहेब ठाकरे आठवले. विष्णू (के. के. मेनन) आणि शंकर (अभिषेक बच्चन) या दोन मुलांतील संघर्ष हा चित्रपटाचा कणा होता. अभिषेकला या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा 'फिल्मफेअर' पुरस्कार मिळाला.

'सरकार राज'मध्ये ग्रामीण महाराष्ट्रातील वीजप्रकल्प केंद्रस्थानी होता. विकास आणि विस्थापन या प्रश्नामुळे कथेला नवा आधार लाभला. दिलीप प्रभावळकर यांनी रंगवलेले, वरकरणी सात्त्विक वाटणारे रावसाहेब हे या भागाचे बलस्थान ठरले. शेवटी शंकर मारला गेला आणि मालिकेचा वारसदारच उरला नाही. तरीही 'नागपूरहून चिकूला बोलवा' अशा अर्थाच्या संवादाने पुढच्या भागासाठी दार किलकिले ठेवले गेले.

ते दार उघडण्यास नऊ वर्षे लागली. १२ मे २०१७ रोजी प्रदर्शित झालेल्या 'सरकार ३'मध्ये हाच चिकू म्हणजे विष्णूचा मुलगा शिवाजी (अमित साध) आजोबांच्या घरी परततो. मनोज बाजपेयी, जॅकी श्रॉफ, रोनित रॉय, यामी गौतम, रोहिणी हट्टंगडी असा ताफा जमवूनही हा पुनर्प्रारंभ फसला. समीक्षकांनी त्याची निराशाजनक म्हणून नोंद घेतली आणि तिकीटबारीवरही त्याला यश लाभले नाही.

अपयशाची कारणे चित्रपटातच होती. पहिल्या भागात मौन बोलके होते. तिसऱ्यात प्रत्येक पात्र दीर्घ संवादांतून स्वतःचा हेतू समजावत राहिले. चहाच्या कपाआडून, खुर्चीच्या खालून टिपलेल्या कॅमेऱ्याच्या कोनांनी पूर्वी दबाव निर्माण केला होता. त्यांच्या अतिवापराने लक्ष कथेवरून उडाले. विश्वासघात आणि अखेरचा उलगडा हा साचा प्रेक्षकांना पाठ झाला होता. शिवाय एका घराच्या शब्दावर मुंबई थांबण्याचा काळही मागे पडला होता. बदललेल्या शहरात नागरे यांचे स्थान काय, या प्रश्नाला पटकथेने हातच घातला नाही.

मोठा कलावंत आणि परिचित नाव एवढ्यावर मालिका पुढे नेता येते, हा समज 'सरकार ३'ने खोटा ठरवला. नागरे यांचा दरारा त्यांच्या काळ्या पेहरावात नव्हता, तर मुलगा आणि न्याय यांतून एकाची निवड करावी लागलेल्या बापाच्या कोंडीत होता. तिसऱ्या भागात पेहराव तेवढा उरला.