मीठ पचविणारे झाड

दिवाळीला कोकणात निघालेला मुंबईकर खाडीवरचा पूल आला की खिडकीतून एक हिरवा पट्टा पाहतो आणि पुन्हा गप्पांत रमतो. तो पट्टा तिवरांचा, कांदळांचा आणि चिपींचा. गुडघाभर चिखलात उभी असलेली ही झाडे. सरपणाखेरीज त्यांचा उपयोग तो काय, असेच आपण पिढ्यानुपिढ्या समजत आलो. परंतु याच झाडांनी जगातल्या विद्वानांना तेवीसशे वर्षे कोड्यात टाकले आहे.

कोडे तसे साधे आहे. वृंदावनातल्या तुळशीला समुद्राचे पाणी घालण्याचे पाप कोणी करणार नाही; पण केलेच, तर ती थोड्याच दिवसांत माना टाकील. मग त्याच पाण्यात पाय बुडवून तिवर जन्मभर हिरवे कसे राहते?

हे नवल पहिल्यांदा नोंदवले ते ग्रीकांनी. इ.स.पूर्व 325 मध्ये शिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखाताकडे जहाजे घेऊन गेला. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने आपल्या वनस्पतिग्रंथात त्या आखातातल्या, भर समुद्रात वाढणाऱ्या झाडांचे वर्णन केले. अष्टपाद प्राण्याने पाय रोवावेत तशी ही झाडे मुळांवर उभी असतात, असे त्याने लिहून ठेवले. कांदळाची मुळे ज्याने ओहोटीच्या वेळी पाहिली आहेत, त्याला ही उपमा लगेच पटेल.

पुढची मोठी नोंद आपल्याच किनाऱ्यावरची. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या कामी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांची नागरी लिपीतली साक्ष त्या ग्रंथात छापलेली आहे. मलबारी लोक ज्याला ‘कंडेल’ म्हणत, ते नाव ऱ्हीडेने जसेच्या तसे घेतले. पुढे त्यावरूनच ‘कँडेलिया’ हे शास्त्रीय नाव पडले. आपला ‘कांदळ’ आठवावा असाच हा शब्द! तिवराला मात्र 1753 साली लिनियसने ‘ॲव्हिसेनिया’ म्हणून बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सिना या थोर हकिमाचे नाव दिले.

नाव मिळाले, पण कोडे सुटले नाही. 1940च्या दशकात मुंबईत भरुचा आणि नवलकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी इथल्या तिवरांचा अभ्यास मांडला. पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या शोलँडर या शास्त्रज्ञाने एक युक्ती केली. पानांची डहाळी त्याने पोलादी डब्यात घातली, कापलेले टोक बाहेर ठेवले आणि आत वायूचा दाब वाढवीत नेला. टोकाशी रस दिसू लागला की झाड पाणी किती जोराने ओढून धरते ते कळे. 1965 साली त्याने आकडे प्रसिद्ध केले. खारफुटीत ही ओढ हवेच्या दाबाच्या पस्तीस ते साठ पट भरली! समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी ओढून घ्यायला पंचवीस पटींच्या आसपास पुरते. म्हणजे हे झाड मुळांशीच मीठ गाळते, आणि तेही कुठल्या यंत्राशिवाय. कांदळ जवळजवळ सगळे मीठ बाहेरच ठेवतो; तिवर उरलेसुरले पानांवाटे घामासारखे टाकतो. तिवराचे पान जिभेला लावा, खारट लागेल.

तरीही पेशीत मीठ शिरलेच, तर घरातली अडगळ माळ्यावर टाकावी तसे ते एका पोकळीत कोंडले जाते. हे सारे घडविणाऱ्या आज्ञा झाडाच्या जनुकांत लिहिलेल्या असतात. गंमत अशी, की ही झाडे एका कुळातली नव्हेत. तिवर हा अबोलीचा आणि अडुळशाचा भाऊबंद, तर चिपी ही डाळिंबाची आणि मेंदीची. प्रत्येक जण आपापल्या वाटेने समुद्राकडे गेला आणि मीठ पचवायला स्वतंत्रपणे शिकला.

ती विद्या भाताला देता येईल का? आपल्या खारजमिनीतला काळा राता किंवा गोव्याच्या खाजणातला कोरगुट थोडेफार मीठ सोसतो. इतर बहुतेक भातांना ते जमत नाही. मद्रासच्या स्वामिनाथन प्रतिष्ठानात अजय परिडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिवराची जनुके वेगळी काढली. त्यांतले एक जनुक बासमतीच्या रोपात घातल्यावर ते रोप मिठाचा ताण अधिक सोसते, असे 2008 साली प्रसिद्ध झाले. 2021 साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिवराच्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला. त्यात एकतीस हजारांहून अधिक जनुके आढळली.

येथे कथा सुखान्त व्हावी. पण 2018 साली चिनी शास्त्रज्ञांनी एक चिंतेची गोष्ट दाखवून दिली. जगभरच्या खारफुटीत जनुकांची विविधता फारच थोडी आहे. समुद्र पूर्वी अनेकदा चढला-उतरला, तेव्हा वने बुडाली आणि मूठभर झाडे तेवढी वाचली. आजची वने त्यांचीच संतती. सारे काही सोसणाऱ्या या झाडाच्या गाठीला शिल्लक अशी थोडीच. समुद्र पुन्हा चढतो आहे, आणि या वेळी जमिनीकडे सरकायला वाट नाही. तेथे आपली घरे नि रस्ते उभे आहेत.

2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला राज्यभर बंदी घातली. वाट ठेवली ती सार्वजनिक हिताच्या कामापुरती. 2020 साली पांढरी चिपी महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष ठरली. हा मान उशिरा का होईना, मिळाला. पण एक जनुक कुपीत जपता येते म्हणून वन तोडायला हरकत नाही, असे कोणी म्हणू नये. कोणत्या खाडीतल्या कोणत्या झाडापाशी उद्याला पुरेल अशी विद्या आहे, हे झाड तोडल्यावर कोणाला विचारणार?

परतीच्या प्रवासात तो पूल पुन्हा येईल. तेव्हा गप्पा क्षणभर थांबवाव्यात आणि मुलांना खिडकीतून दाखवावे: हे बघा, अबोलीचे नि डाळिंबाचे भाऊबंद, समुद्रावर राहायला गेलेले.