प्रत उतरविताना

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. देवीची पालखी डोंगरावरून खाली येते आणि हजारो माणसे रानात चुनखडीचे खडे वेचतात. १९९६ सालच्या त्या यात्रेची एक व्हिडिओ कॅसेट आमच्या घरी होती. खडे वेचता वेचता कॅमेऱ्याकडे पाहून हसणारी आमची आजी तीत होती. पुढे आजी गेली आणि कॅसेटलाही बुरशी धरू लागली. म्हणून २००८ च्या उन्हाळ्यात ती घरच्या संगणकावर उतरवून तिची डीव्हीडी करावी, असे ठरले. चार तबकड्या वाया गेल्या, तेव्हा कोठे पाचवी साधली. त्या चार तबकड्यांचीच ही हकीकत आहे.

प्रत करताना चूक होणे, हे दुखणे काही संगणकाने आणलेले नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी नकलली गेली आणि पाठ बिघडत गेले. कोणाच्या हातून ओळ गळे, तर कोणी न लागलेल्या अक्षराच्या जागी पदरचा शब्द घाली. पैठणच्या एकनाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली.

आता आपल्या कॅसेटकडे वळू. १९७६ मध्ये जपानात निघालेल्या व्हीएचएस कॅसेटमध्ये चित्र व आवाज चुंबकीय फितीवर लहरींच्या रूपाने उमटतात. तबकडीची लिपी निराळी. तिला आकडेच समजतात. १९८२ मध्ये गाण्यांची सीडी आली, १९९३ मध्ये चित्रांची व्हीसीडी आणि १९९६ मध्ये डीव्हीडी. तेव्हा कॅसेटची डीव्हीडी करणे म्हणजे मोडी दप्तराचे बाळबोध करण्यासारखेच आहे. नुसते उतरवून घेऊन भागत नाही, लिपी पालटावी लागते.

पहिल्या तबकडीत आजीचे ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. आपल्याकडील दूरदर्शन संचावर सेकंदाला २५ चित्रे सरकतात. संगणक दुसऱ्या कामात गुंतला की त्याच्या हातून काही चित्रे गळतात. २५ गळाली की आवाज एका सेकंदाने मागे पडतो. पोथीतली गळालेली ओळ ती हीच! त्यावर उपाय सोपा. फीत उतरत असताना संगणकाला दुसरे काही काम सांगू नये.

दुसरी तबकडी मध्येच संपली. एका तासाच्या चित्रणास सुमारे १३ जीबी जागा लागत होती आणि आमच्या संगणकाची जुनी फॅट-३२ पद्धत एका फाइलमध्ये ४ जीबीपेक्षा अधिक घेत नव्हती. रांजणाचे पाणी घागरीत कसे मावावे? पद्धत बदलून एनटीएफएस केली, तेव्हा हा दोष गेला.

तिसरी तबकडी भारनियमनाने खाल्ली. लिहिताना लेझरचा किरण तबकडीतील रंगाचा थर तापवीत जातो. एकदा तापलेली जागा अशा तबकडीत पुन्हा कोरी होत नाही. पूर्वी संगणकाकडून मजकूर येण्यात क्षणभर खंड पडला, तरी तबकडी फुकट जाई. २००० मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने त्यावर तोड काढली. लेखणी थांबे आणि थांबल्या जागेपासून पुन्हा लिही. पण वीजच गेली तर ती तरी काय करणार?

चौथी संगणकावर छान चालली. दूरदर्शन संचाखालच्या यंत्रात मात्र काहीच दिसेना. मजकूर सगळा होता, पण लिहून झाल्यावर तबकडी ‘बंद’ करावयाची राहिली होती. या शेवटच्या पायरीत अनुक्रमणिका पक्की होते. तिच्यावाचून त्या यंत्राला आरंभच सापडत नाही.

पाचवी सावकाश वेगाने लिहिली, बंद केली आणि मग सारे घर ती मूळ कॅसेटशी ताडत बसले. खरे तर हे ताडून पाहणे पहिल्या दिवसापासूनच करावयाचे होते. संगणकावरची फाइल एकदा पुरती पाहिली असती, तर निदान पहिल्या दोन तबकड्या वाचल्या असत्या. ‘काम पूर्ण झाले’ एवढे पडद्यावर वाचून आपण उठतो. एकनाथ तसे उठले नाहीत.

जपानमधील अखेरच्या कारखान्याने व्हीएचएसची यंत्रे करणे २०१६ मध्ये थांबविले. आता नव्या संगणकांतून तबकडीचा खणही बहुधा नसतो, आणि तबकडीवरचा रंगही वर्षानुवर्षे टिकेलच असे नाही. म्हणून आमची पाचवी तबकडी आता हार्ड डिस्कवर उतरविली आहे, एक प्रत भावाकडे ठेवली आहे आणि मूळ कॅसेटही कोरड्या जागी जपली आहे. तुमच्या कपाटात अशी एखादी कॅसेट असेल, तर चालू स्थितीतले यंत्र कोणाकडे आहे याची चौकशी आजच करा. आणि प्रत झाली की ती अथपासून इतिपर्यंत पाहा. तुमचे माणूस तीत पुरते उतरले आहे ना, याची खात्री करून घ्या.