वऱ्हाड कुणाचे?

'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आम्ही वऱ्हाडी माणसे मोठ्या तोऱ्यात सांगतो. पण या सोन्यापायी आमच्या मुलखाने किती धनी पाहिले, हे फराळाच्या ताटावर कोण आठवतो?

अठराव्या शतकात येथे दोअमली होती. सुभा निजामाचा, पण वसुलात वाटा नागपूरकर भोसल्यांचा. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले. २३ सप्टेंबरला असईत शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला, आणि तोफांबरोबर वकीलही हिंडू लागले. २३ नोव्हेंबरला आर्थर वेलस्लीने शिंद्यांशी तहकुबी केली; तीत भोसले नव्हते. दोन दोस्तांत अशी पाचर बसली. शिंद्यांनी अटी पाळल्या नाहीत म्हणून सहाच दिवसांनी त्याने अकोल्याकडच्या अडगावात दोघांच्याही फौजा मोडल्या. १५ डिसेंबरला आमच्या अमरावतीकडचा गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. गाविलगड व नरनाळा तेवढे त्यांना परत मिळाले.

हा मुलूख इंग्रजांनी १८०४ साली दोस्त निजामाच्या पदरात घातला. हा भाग शिकवताना एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, जिंकलेले वऱ्हाड इंग्रजांनी फुकट कसे दिले?"

मी म्हटले, "बाळ, पुढची पन्नास वर्षे वाच."

निजामाच्या पैशावर, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीत 'हैदराबाद कंटिंजंट' ही फौज उभी राहिली. तिचा पगार तुंबला, कर्ज चढले आणि १८५३ साली त्याच फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. शत्रूकडून घेतले तलवारीने, मित्राकडून घेतले खतावणीने!

१९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला. पुढे निजामाने वऱ्हाड परत मागितले. १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी साफ नकार दिला. १९३६ साली निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. राज्य इंग्रजांचे, नाव निजामाचे!

वाचकहो, आपल्याकडे बैल विकायचा तरी घरातल्या चार माणसांना विचारतात. येथे अख्खा मुलूख हातोहात गेला, पण काळ्या मातीत कपाशी पिकवून सारा भरणाऱ्या कुणब्याला कुणी विचारले नाही. १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक सज्ञान वऱ्हाडी बाईमाणसाला आणि बाप्याला मत मिळाले. वऱ्हाड कुणाचे, याचे खरे उत्तर त्या मतपेटीत पडले.