शिकवल्याची किंमत

पहिली नोकरी लागली तेव्हा मी दोन वर्षांच्या बाँडवर सही केली होती. मुदतीआधी सोडलं तर दोन लाख रुपये भरायचे, आणि तोवर मूळ गुणपत्रिका कंपनीच्या कपाटात. ‘तुमच्या ट्रेनिंगवर आम्ही खर्च करतो ना,’ असं एचआरच्या बाईंनी समजावलं होतं. पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या कामासाठी बर्लिनला गेलो. एका रविवारी शहराच्या दक्षिणेला मारियनफेल्डे इथलं जुनं निर्वासित केंद्र पाहिलं, तेव्हा तो बाँड पुन्हा आठवला.

हे केंद्र १९५३ साली सुरू झालं. आता तिथे संग्रहालय आहे. पूर्व जर्मनीतून आलेल्या माणसाला इथे एक कागद मिळायचा. वैद्यकीय तपासणी, चौकशी, नोंदणी असं करत टेबलामागून टेबल फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का घ्यायचा. १९९०पर्यंत साडेतेरा लाख माणसं या रांगेतून गेली.

१९४९मध्ये जर्मनीचे दोन देश झाले. दोघांमधली सीमा पूर्वेने १९५२ साली बंद केली, पण बर्लिन शहरातून लोकल आणि मेट्रो इकडून तिकडे धावतच राहिल्या. त्यामुळे देश सोडण्याचा खर्च लोकलच्या तिकिटाइतका होता. भाषा तीच, आणि पश्चिम जर्मनी पूर्वेच्या माणसालाही आपलाच नागरिक मानायची. एका पश्चिमी मार्काला पश्चिम बर्लिनमधल्या खिडक्यांवर चार-पाच पूर्वेचे मार्क मिळत. भिंतीच्या आधी पूर्व बर्लिन आणि आसपासचे पन्नासेक हजार लोक पूर्वेतल्या नाममात्र भाड्याच्या घरात राहून रोज पश्चिमेत कामाला जात. पालघरच्या भाड्यात राहून दुबईचा पगार घ्यावा, तसं.

पूर्वेत शिक्षण जवळजवळ फुकट होतं. सरकारने इंजिनिअर घडवायचा आणि तो तयार झाला की पश्चिमेने वापरायचा, असा हा व्यवहार. १९५४ ते १९६१ या काळात सुमारे १७ हजार इंजिनिअर व तंत्रज्ञ, १६ हजारांवर शिक्षक आणि तीन हजारांवर डॉक्टर निघून गेले. १९४९पासून एकूण सुमारे २७ लाख लोक गेले आणि त्यातले निम्मे पंचविशीच्या आतले होते. पावणेदोन कोटींच्या देशाला हे झेपणारं नव्हतं.

इथवरची गोष्ट पगाराची वाटते. पण सरकार हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. निवडक शास्त्रज्ञ, डॉक्टर, इंजिनिअर यांच्याशी वेगळे करार करून त्यांना चढे पगार, जादा पेन्शन दिलं जात होतं. तरी माणसं जात राहिली. ऑगस्ट १९५८मध्ये युरी आंद्रोपोव्ह (पुढे केजीबीचे आणि मग सोव्हिएत संघाचे प्रमुख झाले तेच) यांनी मॉस्कोत पक्षाच्या केंद्रीय समितीला तातडीचं पत्र लिहिलं. जाणाऱ्यांमध्ये सुशिक्षितांचं प्रमाण फार वाढलं आहे, आणि पूर्व जर्मन नेते आर्थिक कारणं सांगत असले तरी खरी कारणं जास्त करून राजकीय आहेत, असा त्याचा आशय होता.

या मुद्द्यावर कुणाच्याही साक्षीवर सरळ विश्वास ठेवता येत नाही. पूर्वेच्या सरकारला ‘पैशाचं आमिष दाखवून पळवले’ म्हणणं सोयीचं होतं. पश्चिमेत राहण्याची परवानगी मिळण्यासाठी जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे असं सांगणं सोयीचं होतं. आंद्रोपोव्ह यांना मात्र आपल्याच गोटाचा दोष दाखवून काही मिळणार नव्हतं, म्हणून मला त्यांचं म्हणणं वजनदार वाटतं. एक कारण तर घरातलंच होतं. विद्यापीठात प्रवेश देताना कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांना प्राधान्य असे, त्यामुळे डॉक्टरच्या मुलीला डॉक्टर होता येईल याची खात्री नसायची.

१३ ऑगस्ट १९६१च्या पहाटे तारा ओढल्या गेल्या, मग भिंत आली. पण हिशेब तिथे संपला नाही. १९६३पासून पश्चिम जर्मनी पूर्वेच्या तुरुंगातले राजकीय कैदी पैसे मोजून सोडवू लागली. त्यांतले कित्येक पळून जाण्याच्या प्रयत्नात पकडलेले होते. १९८९पर्यंत ३३ हजारांहून जास्त माणसं अशी सुटली, तीन अब्जांहून जास्त मार्क मोजले गेले. सुरुवातीला डॉक्टरची किंमत मजुरापेक्षा जास्त होती. १९७७पासून सरसकट ९५,८४७ मार्क असा दर ठरला. यावर पूर्वेचं समर्थन होतं, ‘आम्ही यांच्या शिक्षणावर खर्च केलाय.’ एचआरच्या बाईंचंच वाक्य.

माझा बाँड संपला त्या दिवशी मी गुणपत्रिका परत घेतल्या आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. नव्या नोकरीत पगार महिना तीन हजारांनीच जास्त होता. घरी सगळ्यांना मी पगाराचंच कारण सांगितलं, कारण ते सांगायला सोपं होतं. खरं कारण ते कपाट होतं.

बर्लिनहून आल्यावर हे सगळं बाबांना सांगितलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “भिंत वाईटच. पण ते तीन हजार डॉक्टर गेले, त्यांच्या गावातल्या माणसांनी तपासायला कुणाकडे जायचं?” मी सरकारी कॉलेजात शिकलो, वर्षाची फी माझ्या आताच्या फोनच्या किमतीहून कमी होती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. बर्लिनच्या ऑफिसात कायमचं येतोस का, असं विचारणारा मेल माझ्याकडे दोन आठवडे पडून आहे. या वेळी पगाराचा फरक तीन हजारांचा नाही. अडवणारं कपाटही नाही.