छपराचा गोंगाट आणि भट्टीची मळी

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना छपराच्या ध्वनिशास्त्राबद्दल आपण काही वेगळे सांगायला नको. जोराची सर आली की शिकवणे थांबते आणि फळ्यावर लिहिणे सुरू होते. असेच छप्पर दोन एकरांवर पसरले असून त्याखाली दहा-पंधरा हजार माणसे एकाच वेळी ओरडत आहेत, अशी कल्पना करा. बंदिस्त क्रीडागार बांधणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. शिवाय एवढ्या छपराला माल किती लागणार आणि त्यातला वाया किती जाणार, हाही प्रश्न असतोच. हे दोन प्रश्न एकमेकांना विरुद्ध दिशांना ओढतात. आवाज अडवायचा तर छप्पर जड हवे, आणि माल वाचवायचा तर ते हलके हवे.

यातल्या आवाजाच्या बाजूचे शास्त्र सुरू होते ते १८९५ साली, अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात. तिथल्या फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही आणि तेवढ्यात वक्त्याचे पुढचे दहा-पंधरा शब्द त्यात मिसळून जात. हे दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबिन या २७ वर्षांच्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे आले. त्याची साधने कोणत्याही शाळेला लाजवणारी नव्हती: ऑर्गनची एक नळी, एक कालमापक आणि जवळच्या सँडर्स नाट्यगृहातून उचलून आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या. रात्री सारे शांत झाल्यावर तो नळी वाजवून बंद करी, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजी, मग आणखी काही गाद्या मांडून पुन्हा मोजी. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण ध्वनिशोषण (चौरस मीटर).

हे सूत्र क्रीडागाराला लावून पाहू. लांबी १०० मीटर, रुंदी ८० आणि उंची २० मीटर धरली, तर घनफळ १,६०,००० घनमीटर होते. सर्व पृष्ठे कठीण असून पडणाऱ्या ध्वनीचा केवळ विसावा भाग शोषतात असे धरले, तर निनादकाल सुमारे २२ सेकंद येतो! अशा जागी ध्वनिक्षेपकावरची सूचना कोणाला कळणार? जमीन खेळासाठी मोकळी हवी, भिंती त्या मानाने कमी. उरते ते छप्पर. त्याची आतली बाजू ८० टक्के ध्वनी शोषू लागली, की हाच आकडा साडेतीन सेकंदांच्या आसपास उतरतो. गणित ढोबळ आहे, प्रेक्षक त्यात धरलेले नाहीत. पण दहावीच्या वर्गात फळ्यावर सोडवून दाखवण्याजोगे आहे.

एवढा ध्वनी शोषणारा पदार्थ मात्र सॅबिनच्या आधीच सापडला होता, आणि तोही कचऱ्यात. झोतभट्टीतून लोखंडाबरोबर मळी निघते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पोलाद कारखान्यांभोवती तिचे डोंगर साचले होते. वितळलेल्या मळीच्या धारेवर वाफेचा झोत मारला, की तिचे लोकरीसारखे बारीक तंतू होतात. १८४० साली वेल्समध्ये एडवर्ड पॅरी याने हा प्रयोग केला. परंतु तयार झालेली लोकर कोंडून ठेवण्याची सोय त्याने केली नव्हती. ती वाऱ्यावर उडू लागली आणि कामगारांना तिचा इतका त्रास झाला, की काम बंद करावे लागले. टाकाऊपासून टिकाऊ करताना त्याची किंमत आधी कोण मोजतो, हे इथे ध्यानात यावे. १८७१ साली जर्मनीतल्या गेऑर्ग्समारीनह्युट येथे मात्र मळीच्या लोकरीचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. या लोकरीच्या छिद्रांतून हवा कंप पावू लागली, की तंतूंशी होणाऱ्या घर्षणाने ध्वनीच्या ऊर्जेची उष्णता होते. तीच अडकलेली हवा बाहेरची उष्णताही रोखते.

इथे विद्यार्थ्यांचा नेहमी होणारा एक घोटाळा दूर करायला हवा. ध्वनी शोषणे वेगळे आणि अडवणे वेगळे. नुसती लोकर टांगली तर आतला घुमारा कमी होईल. बाहेरच्या वस्तीची झोप मात्र मोडायची ती मोडेलच. अडवण्यासाठी वजन लागते. एकेरी पडद्याचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले, तर सिद्धांताप्रमाणे सुमारे ६ डेसिबेल फरक पडतो. म्हणजे थोड्याशा शांततेसाठी माल दुप्पट!

आणि याच काळात छपरे हलकी होत चालली होती. १९५७ साली रोममध्ये पियेर लुइजी नेर्वी याने छोट्या क्रीडागाराचा, पालाझेत्तो देल्लो स्पोर्तचा, घुमट उभा केला. तारांच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा थापून १,६२० तुकडे आधी जमिनीवर तयार केले, ते परांचीवर मांडले आणि फटींत व वरून काँक्रीट ओतले. हे तुकडेच साचा झाले. सेंटरिंगच्या फळ्यांचा, एकदा वापरून जळणात जाणाऱ्या लाकडाचा, मोठा ढीग वाचला. घुमटाचा आकार मात्र ध्वनीला कधीच सोयीचा नसतो. विजापूरच्या गोलघुमटात सहलीला जाऊन टाळी वाजवलेल्या मुलांना ते ठाऊक असते. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी फ्राय ओटो याने साबणाच्या पापुद्र्यांचा अभ्यास करून तारांच्या जाळ्याचे छप्पर आखले. मुख्य मैदान उघडे असल्याने तिथे घुमण्याची चिंता नव्हती.

हलकेपणा आणि शांतता यांचा मेळ बसला तो दुपदरी छपराने. बाहेर एक पातळ पत्रा, आत छिद्रे पाडलेला दुसरा, मध्ये खनिज लोकर. छिद्रांतून आत शिरलेला ध्वनी लोकर शोषते. अडवण्याचेही काम हवे असेल, तर दोन अखंड थर दूर ठेवून मध्ये लोकर भरतात. मधल्या-वरच्या सुरांसाठी तेवढ्याच वजनाच्या एकेरी थरापेक्षा हे अधिक प्रभावी ठरते. पावसाचा ताशाही मंदावतो. कारखान्यातच मापाने कापलेल्या लोकरीचे स्वच्छ तुकडे पुन्हा भट्टीत जाऊ शकतात. पत्रे आणि गाभा गोंदाने चिकटवले असले, तर मोडतोडीच्या वेळी ते वेगळे करणे जिकिरीचे. स्क्रूने आवळलेले सुटे होतात. आमच्या मते छपराचा कचरा बव्हंशी नकाशावरच ठरतो, मोडताना नव्हे.

लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकचे उदाहरण यासाठी बोलके आहे. जागा मोकळी करताना निघालेल्या राडारोड्यापैकी ९० टक्के पुन्हा वापरण्याचे उद्दिष्ट ठेवले होते आणि ते ओलांडले गेले. सायकलींच्या बंदिस्त मैदानाचे छप्पर सुमारे १६ किलोमीटर तारेच्या जाळ्यावर पेलले. मुख्य मैदानाच्या छपराच्या कड्यात शिल्लक राहिलेले वायुवाहिनीचे पाइप वापरले. बेजिंगच्या २००८ च्या मैदानाला सुमारे ४२,००० टन पोलाद लागले होते. इथे १०,००० टनांच्या आसपास भागले. स्पर्धेनंतर वरचा मजला उतरवून ८०,००० आसनांचे मैदान २५,००० चे करायचे, अशी मूळ योजना होती. प्रत्यक्षात मैदान फुटबॉलला द्यायचे ठरले. सर्व प्रेक्षकांवर सावली हवी म्हणून कापडी छप्पर काढून त्याहून बरेच मोठे, नवे छप्पर बसवण्यात आले. २०१६ साली काम संपले, तेव्हा रूपांतराचा एकूण खर्च ३२ कोटी पौंडांच्या पुढे गेलेला होता.