दुसऱ्याच्या देवाची कथा

१९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट दाखविला जात होता. प्रेक्षकांत धुंडिराज गोविंद फाळके होते. वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रण व छपाई या दोन्ही विद्यांत मुरलेले, परंतु धंद्यात यश न लाभलेले हे गृहस्थ. पडद्यावर येशू वावरत होता आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. दुसऱ्याच्या देवाची कथा पाहता पाहता आपला देव दिसावा, हे केवढे नवल! पुन्हा जाऊन त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखविला.

पुढे चित्रपट पाहण्याचा ध्यासच लागला. अतिश्रमाने काही काळ दृष्टी गेली, उपचारांनी परतली. विमापत्रे गहाण पडली, १९१२ साली लंडनहून कॅमेरा आला. फितीला भोके पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई करीत, वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही. त्यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. स्त्रिया मिळेनात, म्हणून तारामतीची भूमिका साळुंके या तरुणाने केली. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त मात्र बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी.